फळीवरची रेघ

डोंगरातल्या त्या जलाशयावर सुट्टीच्या दिवशी माणसं येतात ती साधारण चार जातींची. पहिली वल्हवणारी. ही सकाळी उत्साहात होडीत बसतात आणि दुपारी वाऱ्याच्या विरुद्ध परत येताना एकमेकांशी भांडतात. दुसरी तंबूवाली. यांना निसर्ग हवा असतो, पण तंबू मात्र संडासाच्या जवळच हवा असतो. तिसरी नुसती खायला आलेली. यांचे डबे धरणाच्या पायथ्याशी बसमध्येच उघडतात आणि वर पोचेपर्यंत निम्मे रिकामे होतात. आणि चौथी जात म्हणजे गळ टाकून बसणारी. ही काही बोलत नाहीत, काही मागत नाहीत, आणि सगळ्यांत जास्त खोटं हीच बोलतात.

या चारही जातींना सांभाळणारा एकच माणूस तिथे होता. त्याला सगळे पट्टीकाका म्हणत. कामाच्या कागदावर त्याचा हुद्दा ‘धक्का-रखवालदार’ असा होता, पण त्या नावाने त्याला त्याच्या साहेबानेही ओळखलं नसतं. काका उंच, वाळकट, सकाळी सातला इस्त्रीचा शर्ट घालून धक्क्यावर हजर. होड्या द्यायच्या, लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून बघायचे, तंबूंच्या जागा दाखवायच्या, संध्याकाळी प्रत्येक विस्तवावर स्वतः बादली ओतायची. हे सगळं तो करायचाच. पण त्याची खरी गादी म्हणजे धक्क्याच्या टोकाला खांबावर आडवी ठोकलेली एक पांढरी फळी.

फळीच्या डाव्या टोकाला लाकडाचा ठोकळा होता आणि उजवीकडे एक लाल उभी रेघ. माशाचं तोंड ठोकळ्याला टेकवायचं, शेपूट सरळ करायची. शेपूट रेघेच्या पलीकडे गेली तर मासा तुमचा. नाही गेली तर मासा तलावाचा. ठोकळ्यापासून रेघेपर्यंत सोळा इंच, असा विभागाचा नियम होता. बावीस वर्षं काकाने त्या फळीसमोर कोणाची भीड ठेवली नाही. एकदा विभागाचा मोठा साहेब पाहुणे घेऊन आला आणि त्याचा मासा जरासा कमी भरला. काकाने ‘साहेब, हा अजून लहान आहे’ असं म्हणून साहेबाच्या हातातून मासा घेतला आणि पाण्यात सोडला. साहेब हसला. पाहुणे त्याहून मोठ्याने हसले, म्हणून साहेबाचं हसू थोडं आटलं. तेव्हापासून काकाचं नाव खालच्या गावापर्यंत गेलं.

आता असल्या माणसाचा लोकांना त्रास होतो हे खरं. पण मनातून त्यांना तो आवडतोही. आपल्याला नडला तसा तो पुढच्यालाही नडणार याची खात्री असते. काकालाही आपल्याबद्दल एवढंच माहीत होतं. शिक्षण बेताचं, बोलणं बेताचं, घर म्हणजे धक्क्यामागच्या दोन खोल्या. पण रेघ सरळ. तेवढ्यावर तो ताठ मानेने जगत होता.

ती रेघ दर वर्षी नव्याने रंगवावी लागे. माशांची बुळबुळ, ऊन, पाणी आणि लोकांची नखं यांनी ती वर्षभरात पुसट व्हायची. हंगाम सुरू व्हायच्या आधी काका फळी उतरवायचा, अंगणात दोन स्टुलांवर ठेवायचा आणि असं काही करायचा की बघणाऱ्याला वाटावं माणूस चित्र काढतोय. आधी पुसट रेघेवर, तिच्या बाहेरच्या कडेशी जुळवून, एक सरळ लाकडी पट्टी ठेवून तिला दोन चिमटे.  मग पट्टीच्या कडेने, बाहेरच्या अंगाला, बारीक ब्रशने लाल रंग. एक ओढ, श्वास रोखून. तो वाळला की पट्टी काढून जुन्या रेघेवरून पांढरा हात. बाहेरची कड का, असं एकदा बायकोने विचारलं होतं. ‘मासा रेघेला टेकून चालत नाही, रेघ ओलांडावी लागते. म्हणजे हद्द बाहेरच्या कडेला,’ काकाने समजावून सांगितलं. बायकोने मान हलवली आणि आपल्या कामाला लागली. ती तिथेच मागच्या शेडमध्ये मोठ्या मशिनवर फाटके तंबू आणि जॅकेटांचे पट्टे शिवायची. शिंप्याची मुलगी होती, हात चांगला होता.

त्या शिंप्याबद्दल सांगायलाच हवं, कारण काकाच्या फळीचा सगळ्यांत मोठा भक्त तोच. काकाचे सासरे. खालच्या गावात मुख्य रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. दुकान पुढच्या खोलीत, घर मागे. दर रविवारी ते बस धरून वर यायचे, जावयाकडून होडी घ्यायचे आणि संध्याकाळपर्यंत पाण्यात गळ सोडून बसायचे. त्यांची एकच इच्छा होती. या तलावातला एक मासा रीतसर घरी न्यायचा, स्वतः साफ करायचा आणि सगळ्यांना आपल्या हाताने वाढायचा. सासूबाई होत्या तोवर विचारायच्या, ‘आज तरी काही आणलंत, की नुसतं ऊन?’ आणि ते म्हणायचे, ‘ऊन.’ पुढे सासूबाई गेल्या. विचारणारं कोणी राहिलं नाही, पण म्हाताऱ्यांचा हट्ट राहिला.

इतक्या वर्षांत त्यांच्या गळाला चार मासे असे लागले की धक्क्यावर आणावेत. चारही फळीवर ठेवले गेले, आणि चारही थोडक्यात परत गेले. जावयाच्या हातून. आणि दर वेळी सासरे त्याच्या खांद्यावर ओला हात ठेवून म्हणायचे, ‘जावईबापू, रेघ म्हणजे रेघ.’ जगात आपल्याला पूर्ण ओळखणारा माणूस एकच, असं काकाला वाटायचं ते यामुळे.

चौथा मासा मात्र महागात पडला. त्याला सहा वर्षं झाली. त्या रविवारी मेहुणाही बरोबर होता. मेहुणा म्हणजे काकाच्या बायकोचा धाकटा भाऊ, डोंगरावर येणाऱ्या बसचा ड्रायव्हर. आडदांड, बडबड्या, हसला की बसच्या काचा थरथराव्यात असा. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. बापाच्या गळाला मोठा मासा लागला तेव्हा होडीत तोच नाचला होता, इतका की होडी उलटायची बाकी राहिली. धक्क्यावर पंचवीसेक माणसं जमली. काकाने मासा फळीवर ठेवला. शेपूट रेघेपासून करंगळीच्या नखाएवढी अलीकडे राहिली.

‘दाजी, नीट बघा,’ मेहुणा म्हणाला.

‘बघितलं.’

‘ही रेघ सरकली आहे. मी डोळ्यांनी सांगतो. दिवसभर आरशात बघून बस वळवतो मी, मला अंतर कळतं.’

काकाने मासा उचलला. मेहुण्याने त्याचं मनगट धरलं. मग तो बापाकडे वळला. ‘बाबा, तुम्ही सांगा. तुमचा मासा आहे. तुम्ही तरी एकदा बघा.’

सगळे म्हाताऱ्यांकडे बघत होते. ते म्हणाले, ‘हात सोड त्यांचा. रेघ सरकली नाही, तुझी अक्कल सरकली आहे. उगाच चारचौघांत तमाशा करू नको.’

पंचवीस माणसं हसली. मेहुण्याने हात सोडला, गळ गुंडाळला आणि जाऊन बसथांब्यावर बसला. तेव्हापासून तो धक्क्यावर आला नाही. येत होता तो रोजच, दिवसातून दोनदा, बस घेऊन. वर बस उभी करायचा, वीस मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसायचा आणि खाली उतरायचा नाही. धक्का तिथून पन्नास पावलांवर. बापलेक एकाच घरात राहत होते, पण बोलणं कामापुरतं उरलं. पाणी आलं का, वीज गेली का. म्हातारे पुढे चार वर्षं रविवारी वर येत राहिले, तेही मुद्दाम दुसऱ्या ड्रायव्हरच्या बसने. मग गुडघे गेले आणि येणंच थांबलं.

इतकी सगळी हकिकत सांगितली ती अशासाठी, की या वर्षी हंगाम सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात विभागाकडून काकाला एक लांबट पुडकं आलं. आत स्टीलची मोजपट्टी होती. चकचकीत, एका टोकाला दुमडलेली, दुसरीकडे कोरलेली रेघ. बरोबरच्या कागदावर एकच ओळ : जुनी फळी काढून ही लावावी.

काकाला वाईट वाटलं. पण हुकूम तो हुकूम. गुरुवार होता, दुपारी धक्का रिकामा होता. स्क्रूची भोकं कुठे पाडायची ते बघायला त्याने स्टीलची पट्टी फळीवर ठेवली. दुमडलेलं टोक ठोकळ्याला टेकलं. आणि कोरलेली रेघ लाल रेघेच्या बरीच अलीकडे राहिली. चांगली दोन बोटं.

‘कारखान्यातला माल,’ काका स्वतःशी म्हणाला. ‘डोळे मिटून कापतात.’

आतून त्याने अवजारांच्या पेटीतला चोवीस इंची, घडीचा लोखंडी फूट आणला. स्टीलवर ठेवला. सोळा इंच, केसाचाही फरक नाही. मग फळीवर ठेवला. काकाने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा लाल रेघ सोळाच्या दोन बोटं पलीकडे. आता कोणी म्हणेल, घरात फूट होता तर बावीस वर्षांत एकदा तरी मोजायचं नाही का? पण ज्याने आपण सगळ्यांना मोजतो ते मोजावं असं कोणाच्या मनात येतं? निदान काकाच्या तरी आलं नव्हतं.

त्याने फळी उतरवून अंगणात आणली आणि खरवडणीने रेघेच्या अलीकडचा पांढरा रंग काढायला सुरुवात केली. पहिल्या पापुद्र्याखाली एक लाल रेघ निघाली. तिच्या अलीकडे आणखी एक. मग आणखी एक. गेल्या वर्षीची, त्याच्या आदल्या वर्षीची, अशी एकीला एक चिकटून दोन बोटं रुंद लाल पट्टा उघडा पडला. बाहेरची कड, तिच्या बाहेर नवी रेघ, मग त्या रेघेची बाहेरची कड. एकही आखूड मासा रेघेवरून निसटू नये म्हणून घेतलेली काळजी बावीस वर्षं दर वसंतात एकेक रेघ पुढे सरकत गेली होती. निष्काळजी माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती. त्याने जुन्याच रेघेवर ब्रश फिरवला असता आणि मोकळा झाला असता.

काका स्टुलावर बसला. सगळ्यांत आधी त्याला मासे आठवले नाहीत. मेहुण्याची मनगटावरची बोटं आठवली.

आणि मग त्याने जे केलं ते सांगायला मलाच कसंतरी वाटतं, कारण हा माणूस माझा लाडका आहे. त्याने फळी जुन्या ताडपत्रीत गुंडाळली, बायकोच्या शेडमध्ये फाटक्या तंबूंच्या मागे उभी केली आणि स्टीलची पट्टी खांबावर ठोकली.

दुसऱ्या दिवशी पहिला मासा घेऊन आले ते एक निवृत्त मास्तर. मासा पट्टीवर ठेवला आणि त्यांनी चष्मा वर केला. ‘काय हो पट्टीकाका, मर्यादा कमी केली वाटतं?’

‘नवी पट्टी आली,’ काका म्हणाला.

‘विभागाला अक्कल आली म्हणायची.’ मास्तर खूश होऊन गेले.

नवी पट्टी आली. यात खोटा शब्द एकही नव्हता. काकाने तेच आठवडाभर सांगितलं, अकरा जणांना. रात्री जेवण जाईना. लाइफ जॅकेटचे पट्टे तो आता इतके घट्ट ओढायला लागला की एक बाई म्हणाल्या, ‘काका, मला बुडण्याची भीती होती, आता गुदमरण्याची आहे.’ विस्तवावर एका बादलीच्या जागी तीन ओतायला लागला. जिथे चुकलो तिथे काही करवत नाही, म्हणून माणूस बाकी सगळीकडे जोर करतो.

कुठेतरी पाणी मुरतंय हे बायकोला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तिने विचारलं नाही. वाट बघितली. बुधवारी एका मोठ्या तंबूचं कापड शोधताना तिच्या हाताला ताडपत्रीतली फळी लागली. तिने ती उघडली. दोन बोटं रुंद लाल पट्ट्यावरून अंगठा फिरवला. तिला कोणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. जन्मभर तिने शिवण घातली होती. दर दुरुस्तीला जुन्या टाक्याच्या बाहेरून टाका घेतला की कपडा कुठच्या कुठे जातो, हे तिला पाठ होतं.

काका जेवायला आला तेव्हा फळी टेबलावर होती, ताटाच्या जागी.

‘कधी कळलं?’ तिने विचारलं.

‘गेल्या गुरुवारी.’

‘आणि लोकांना काय सांगताय?’

काकाने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, ‘कोण विचारणार आहे गं आता. पट्टी बदलली. मिटलं.’

‘मिटलं?’ ती आवाज न चढवता म्हणाली, आणि तिचा आवाज चढत नाही तेव्हा ती खरी चिडलेली असते. ‘सहा वर्षं मी माझ्या भावाकडे जाते आणि तुमचं नाव न काढता परत येते. तो बसमध्ये बसून राहतो आणि मी त्याच्यासाठी खिडकीतून चहाचा पेला आत देते. तुमचं मिटलं असेल. माझं नाही मिटलं.’

‘अगं, पण लोक काय म्हणतील मला? या रेघेशिवाय माझ्याजवळ आहे काय?’

‘मी आहे,’ बायको म्हणाली. ‘आणि मी फळी बघून लग्न केलेलं नाही.’ मग तिने फळी उचलून भिंतीला लावली आणि ताट वाढलं.

सोमवारी धक्का बंद असतो. काका फळी बगलेत धरून बसने खाली उतरला. मुद्दाम अकराची बस धरली, कारण ती मेहुण्याची नव्हती. सासऱ्यांच्या दुकानात नेहमीचा वास होता, गरम इस्त्रीचा आणि नव्या कापडाचा. म्हातारे चौऱ्याऐंशीचे, पण सुईत दोरा अजून पहिल्या फटक्यात जायचा. कोणाच्या तरी पँटची पायदुमड घालत बसले होते.

‘या जावईबापू. आज वाट चुकलात?’

काकाने कापायच्या टेबलावरचे तुकडे बाजूला केले आणि फळी तिथे ठेवली. काही पाठ करून आला होता, पण घोडं पहिल्याच वाक्याला अडलं. शेवटी त्याने खिशातून लोखंडी फूट काढला आणि फळीशेजारी ठेवला. म्हाताऱ्यांनी सुई शर्टाच्या छातीवर टोचली, चष्मा बदलला आणि वाकून बघितलं. फार वेळ बघितलं. बाहेर रस्त्यावरून एक सायकल गेली, मग दुसरी.

‘तुमचे चारही मासे,’ काका म्हणाला. ‘निदान शेवटचे दोन तरी नक्की. बाबा, मी तुमचा घास काढून घेतला.’

‘माशांचं काय घेऊन बसलात.’ म्हाताऱ्यांनी हात झटकला. त्यांचा चेहरा मात्र उतरला होता. ‘म्हणजे तो बरोबर होता.’

‘हो.’

‘आणि मी त्याला चारचौघांत...’ त्यांनी पायदुमड पुन्हा हातात घेतली, दोन टाके घातले, आणि ते दोन्ही वाकडे आले तेव्हा उसवले. ‘आणखी कोणाला सांगितलंत?’

‘कोणालाच नाही. तुम्हाला आधी सांगावं म्हटलं. तुम्हीच एक होतात माझ्या बाजूचे.’

‘तेच तर झालं ना,’ म्हातारे म्हणाले. आपल्यावर रागावले की स्वतःवर, हे काकाला कळेना. ‘मला दुकानात बसून सांगून उपयोग नाही. जिथे झालं तिथे सांगा. तितक्याच माणसांसमोर. रविवारी मी वर येतो. दहाच्या बसने.’

‘दहाची त्याची आहे.’

‘मला ठाऊक आहे कोणाची आहे. माझ्याच घरातून निघते ती.’

रविवारी काका पहाटेपासून धक्क्यावर होता. स्टीलच्या पट्टीच्या खाली त्याने जुनी फळी ठोकली, खरवडलेली तशीच, लाल पट्टा उघडा. येणारा जाणारा थांबून बघत होता. मास्तरांनी विचारलं, ‘हे काय?’ तेव्हा काका म्हणाला, ‘साडेदहाला सांगतो,’ आणि त्यामुळे गर्दी आणखी वाढली. तंबूवाल्या बायका पेले हातात घेऊन आल्या. दोन होड्या अर्ध्यातून परत फिरल्या.  राहून राहून काकाला वाटत होतं, मेहुणा उतरणार नाही. सहा वर्षं नाही उतरला, आज का उतरेल?

बस आली. माणसं उतरली, डबे उतरले, गुंडाळलेल्या चटया उतरल्या. म्हातारे पुढच्याच बाकावर बसून होते. सगळे उतरले तरी ते उतरेनात. कंडक्टर त्यांना हात द्यायला गेला, तर त्यांनी त्याचा हात बाजूला केला.

‘मला याच्या हाताने उतरायचं आहे,’ ते ड्रायव्हरच्या सीटकडे हनुवटी करून म्हणाले. ‘नाहीतर बसतो इथेच. परत खाली जातो. पुन्हा वर येतो. मला काय, दिवसभराचं तिकीट आहे.’

मेहुणा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला होता. मग त्याने इंजिन बंद केलं. खाली उतरला, वळसा घालून दारापाशी आला आणि बापाला जवळजवळ उचलूनच खाली घेतलं. म्हाताऱ्यांनी त्याचा दंड सोडला नाही. पन्नास पावलं चालायला त्यांना पाच मिनिटं लागली. बायको शेडच्या दारात उभी होती, मशिनवरचं कापड तसंच हातात.

काकाने बोलायला सुरुवात केली तेव्हा त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. ‘ही रेघ सरकलेली होती. मी दर वर्षी रंगवताना सरकवली. मुद्दाम नाही, पण मीच. तुमच्यापैकी ज्यांचे मासे मी सोडले, त्यांतले कितीतरी तुमचे होते. आणि गेला आठवडाभर मी नवी पट्टी आली, नवी पट्टी आली असं सांगत राहिलो, तेही लपवण्यासाठी.’ मग तो मेहुण्याकडे वळला. ‘तू बरोबर बघितलं होतंस. तू सांगितलंस आणि मी ऐकलं नाही. चुकलं माझं.’

 मास्तरांनी चष्मा पुसला. मागून एकजण म्हणाला, ‘म्हणून आपल्या तलावात एवढे मोठे मासे आहेत होय,’ आणि सगळे हसले. पण ते हसणं काकाला लागलं नाही. त्यात राग नव्हता. गळ टाकून बसणाऱ्यांना तर उलट बरंच वाटलं असावं. आता त्यांना आयुष्यभर सांगता येणार होतं की आपले सगळे मासे सोळाच्या वरचे होते.

मेहुणा मात्र हसला नाही. त्याने फळीकडे नुसतं एकदा बघितलं. ‘दाजी, तुमच्यावर कधीच राग नव्हता माझा,’ तो म्हणाला. ‘तुम्ही तुमचं काम करत होतात.’

काका गोंधळला. सहा वर्षं तो समजत होता की सगळं या रेघेवर अडलंय.

म्हाताऱ्यांनी मुलाचा दंड आणखी घट्ट धरला. ‘मला बोलू दे,’ ते म्हणाले. त्यांनी आयुष्यात मुलाची कधी माफी मागितली नव्हती आणि त्याची पद्धतही त्यांना ठाऊक नव्हती, हे स्पष्ट दिसत होतं. ‘तू म्हणालास, बाबा तुम्ही बघा. माझ्या खिशात त्या दिवशी टेप होता. साठ वर्षं टेप खिशात नाही असा माझा दिवस गेलेला नाही. काढून लावला असता तर अर्ध्या मिनिटाचं काम. नाही काढला. जावई चुकेल असं वाटलंच नाही. तू चुकशील असंच वाटलं.’

‘ठाऊक आहे,’ मेहुणा म्हणाला.

‘काय ठाऊक आहे?’

‘टोक बाहेर आलं होतं खिशातून. मी बघत होतो त्याच्याकडे. म्हटलं, आता काढतील.’ त्याने खाली बघितलं. एवढा धिप्पाड माणूस, पण त्याच्या पापण्या ओल्या झाल्या होत्या. ‘माशाचं काय हो बाबा.’

काकाला तेव्हा कळलं की आपल्या फळीवर त्या दिवशी मासा मोजला गेला नव्हता. त्याला एकदम हलकं वाटलं, आणि त्याच क्षणी एवढी लाज वाटली की तो दोन पावलं मागे सरला.

म्हाताऱ्यांनी खिशात हात घातला. पिवळा टेप निघाला, कडा झिजलेल्या, आकडे अर्धे पुसलेले. त्यांनी त्याचं पितळी टोक ठोकळ्याला टेकवलं, अंगठ्याने दाबलं, टेप फळीवरून सरळ ओढला आणि सगळ्यांत बाहेरच्या लाल रेघेवर नख ठेवलं. वाकायला त्रास होत होता, पण कोणी मदतीला पुढे झालं नाही.

‘पावणेअठरा,’ ते म्हणाले. दुकानात गिऱ्हाइकाचं माप घेताना म्हणत तसेच, मोठ्याने, मान वर न करता.

शिंप्याच्या दुकानात एकजण माप घेतो आणि दुसरा वहीत उतरवतो. उतरवणाऱ्याने आकडा परत म्हणून दाखवायचा असतो, म्हणजे ऐकण्यात चूक राहत नाही. शाळा सुटल्यावर रोज दोन तास, अशी आठ वर्षं, मेहुण्याने बापाशेजारी उभं राहून तेच काम केलं होतं.

‘पावणेअठरा,’ तो म्हणाला.

‘पाहिजे होतं सोळा.’

‘पाहिजे होतं सोळा,’ मेहुण्याने परत म्हटलं, पण या वेळी त्याला ते एका दमात म्हणता आलं नाही.